खिशातल्या विजेरीची निवड: आधी सेल, मग विजेरी

खिशात मावणारी उत्तम विजेरी, म्हणजे टॉर्च, घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी ल्युमेनचा, म्हणजे एकूण प्रकाशाच्या मापाचा, आकडा पाहतो, मग धातू आणि घडण पाहतो, आणि सेलचा विचार खरेदी उरकल्यावर करतो. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. लहान विजेरीच्या नळीतली बहुतेक जागा सेलच अडवतो. त्यामुळे विजेरीची जाडी आणि लांबी, तिचे वजन, ती किती प्रखर पेटेल, किती तास चालेल, वर्षभर कपाटात पडून राहिल्यावर ऐन वेळी पेटेल की नाही आणि खिशात बाळगायला ती कितपत निर्धोक आहे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे सेलच्या निवडीतच असतात. म्हणून या लेखात आधी सेल नीट समजून घेऊ, त्यावरून विजेरी ठरवू आणि शेवटी दोन्हींची निगा पाहू.

महागड्या विजेरीत जास्तीचे पैसे कशासाठी मोजले जातात, हेही सुरुवातीलाच स्पष्ट असलेले बरे. ते केवळ प्रखरतेसाठी नसतात. सेल उतरत असतानाही प्रकाश स्थिर ठेवणारे सर्किट, वस्तूंचे रंग खरे दाखवणारा एलईडी, सफाईने कातलेले आटे, पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी आणि हजारो वेळा दाबूनही न बिघडणारे बटण, यांची ती किंमत असते. यांपैकी काहीच नसलेली आणि फक्त मोठा आकडा छापलेली विजेरी कितीही चकचकीत असली, तरी ती उत्तम विजेरीच्या वर्गात बसत नाही.

पहिली पायरी: काम आणि जागा ठरवा

विजेरी कुठे बाळगणार, किती वेळा वापरणार आणि तिच्याकडून किती प्रकाश हवा, हे तीन प्रश्न स्वतःला विचारून उत्तरे कागदावर लिहून काढा. प्रकाशाच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज गरजेपेक्षा फार वर जातो. रात्री झोपलेल्या माणसांना न उठवता घरातून चालण्यासाठी १ ते ५ ल्युमेन पुरतात. कुलूप उघडणे, पिशवीत काही शोधणे किंवा कागद वाचणे यासाठी १० ते ३० ल्युमेन भरपूर होतात. अंधाऱ्या वाटेने चालताना ५० ते १५० ल्युमेन असले की पावलापुढचे नीट दिसते. त्याहून अधिक प्रकाश लागतो तो दूरचे पाहायला किंवा मोठा परिसर क्षणभर उजळायला, आणि अशी वेळ खिशातल्या विजेरीवर क्वचित येते. शिवाय आपल्या डोळ्यांना प्रकाशातली वाढ सरळ प्रमाणात जाणवत नाही; प्रकाश दुप्पट भासण्यासाठी तो प्रत्यक्षात साधारण चौपट व्हावा लागतो. ४०० आणि ५०० ल्युमेनमधला फरक त्यामुळे डोळ्याला जवळपास कळतच नाही, मात्र सेलला तो नक्की कळतो.

जागेचे गणित सोपे आहे. किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा सदऱ्याच्या खिशात राहायची असेल तर एएए आकाराच्या सेलची बारीक विजेरी, पँटच्या खिशात क्लिप लावून ठेवायची असेल तर एए किंवा तत्सम जाडीची, आणि जाकिटाच्या किंवा पाठपिशवीच्या खिशात ठेवायची असेल तर १८६५० या जाड सेलची (हे नाव पुढच्या पायरीत उलगडेल). जी विजेरी बोजड वाटते ती चार दिवसांत घरी राहू लागते, म्हणून दोन आकारांमध्ये मन अडखळले तर लहान आकार निवडावा.

तिसरा प्रश्न वापराच्या वारंवारतेचा. रोज वापरली जाणारी विजेरी आणि अडीअडचणीसाठी ठेवून दिलेली विजेरी यांना वेगवेगळे सेल लागतात. ते कोणते, हे तिसऱ्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: आकार आणि त्यात मावणारी ऊर्जा

पेन्सिल सेल म्हणून ओळखला जाणारा एए सेल सुमारे १४.५ मिलिमीटर जाड आणि ५०.५ मिलिमीटर लांब असतो, तर एएए सेल सुमारे १०.५ मिलिमीटर जाड आणि ४४.५ मिलिमीटर लांब असतो. पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलची नावे आकड्यांत असतात आणि ती मोजमापावरूनच पडलेली आहेत: पहिले दोन आकडे मिलिमीटरमधली जाडी, पुढचे दोन लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे दंडगोल. त्यानुसार १०४४० हा एएएच्या आकाराचा, १४५०० हा एएच्या आकाराचा, १६३४० हा जुन्या कॅमेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या सीआर१२३ए सेलच्या आकाराचा, आणि १८६५० हा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असायचा तो. २१७०० त्याहून जाड असतो. तो खिशात मावतो, पण तिथे असल्याची जाणीव सतत करून देतो.

सेलवर छापलेला मिलिअँपिअर-तासांचा आकडा वेगवेगळ्या प्रकारच्या सेलची तुलना करण्यासाठी वापरू नये, कारण त्यात व्होल्टेज धरलेले नसते. तुलना वॉट-तासांत करावी: अँपिअर-तासांना व्होल्टेजने गुणले की ऊर्जा मिळते. २००० मिलिअँपिअर-तासांचा निकेल-मेटल हायड्राइड (पुन्हा चार्ज होणारा) एए सेल १.२ व्होल्टचा असतो, म्हणजे त्यात सुमारे २.४ वॉट-तास ऊर्जा असते. ९०० मिलिअँपिअर-तासांचा १४५०० सेल कागदावर निम्म्याहूनही लहान दिसतो, पण तो ३.६ ते ३.७ व्होल्टचा असल्यामुळे त्यात ३.३ वॉट-तास असतात. ७५० मिलिअँपिअर-तासांच्या एएए सेलमध्ये जेमतेम ०.९ वॉट-तास, आणि ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या १८६५० मध्ये साडेबारा वॉट-तासांच्या आसपास. एए सेलपेक्षा जाडीत केवळ साडेतीन मिलिमीटर अधिक असलेल्या १८६५० मध्ये पाचपट ऊर्जा मावते, हे एकदा ध्यानात आले की अनेकजण जाड विजेरीकडे का वळतात ते कळते.

या ऊर्जेचे तासांत रूपांतर कसे करायचे? ढोबळमानाने धरा की चांगला पांढरा एलईडी एका वॉटमागे १०० ल्युमेन प्रकाश विजेरीबाहेर देतो आणि सर्किटमध्ये पाचवा भाग ऊर्जा उष्णतेत जाते. मग १०० ल्युमेनसाठी सेलमधून सुमारे सव्वा वॉट खर्च होतो. एए निकेल सेल त्यावर दोन तासांच्या आसपास चालेल, एएए सेल पाऊण तास आणि १८६५० सुमारे दहा तास. कोणतीही जाहिरात वाचताना हा हिशेब करून पाहावा. एका एएए सेलवर ५०० ल्युमेन सलग दोन तास, असा दावा कोणी करत असेल तर तो ऊर्जेच्या गणितातच बसत नाही, आणि असा दावा करणाऱ्या उत्पादकाच्या इतर आकड्यांवरही विश्वास ठेवू नये.

तिसरी पायरी: सेलचा प्रकार

आकार एकच असला तरी आतले रसायन वेगळे असू शकते, आणि खरी निवड इथेच होते.

अल्कलाइन सेल सर्वत्र मिळतात, म्हणून लोक तेच घालतात. चांगल्या विजेरीसाठी मात्र ते सर्वात वाईट आहेत, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. पहिले कारण त्यांच्या अंतर्गत रोधाचे, म्हणजे प्रवाहाला आतच होणाऱ्या अडथळ्याचे. भिंतीवरच्या घड्याळासारख्या हलक्या कामावर एए अल्कलाइन सेल अडीच हजार मिलिअँपिअर-तासांच्या घरात क्षमता देतो. पण एक अँपिअर प्रवाह ओढला की त्यातली निम्मीही हाती लागत नाही. अरुंद गळ्याच्या घागरीत पाणी पुष्कळ असले तरी ते एकदम ओतता येत नाही, तसे हे आहे. पांढऱ्या एलईडीला पेटायला तीन व्होल्टच्या आसपास विद्युतदाब लागतो, दीड व्होल्टचा सेल तो थेट देऊ शकत नाही, त्यामुळे विजेरीतले सर्किट व्होल्टेज वाढवते आणि त्याच्या बदल्यात सेलमधून अधिक प्रवाह ओढते. नेमके हेच अल्कलाइनला झेपत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. हे सेल गळतात. आतल्या जस्ताच्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढून सेलचे सील फुटते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाहक द्रावण बाहेर येऊन अॅल्युमिनियमचे आटे आणि स्प्रिंग खाऊन टाकते. पूर्ण उतरलेल्या सेलमध्ये हे जास्त घडते, पण न वापरलेल्या सेलमध्येही घडू शकते. बारीक नळीत गळलेला सेल फुगून असा अडकतो की विजेरी टाकूनच द्यावी लागते. दुसरा सेल मिळतच नसेल तर अल्कलाइन घालून काम भागवावे आणि काम झाले की त्याच दिवशी काढून ठेवावा.

निकेल-मेटल हायड्राइड हा रोजच्या वापरासाठी एए आणि एएए आकारातला सर्वोत्तम पर्याय आहे. याचे व्होल्टेज कागदावर १.२ असले तरी त्यामुळे नाउमेद होऊ नये, कारण ते जवळपास शेवटपर्यंत तेवढेच टिकते, तर दीड व्होल्टवर सुरू झालेला अल्कलाइन सेल भाराखाली लवकरच त्याच्याही खाली जातो. जुन्या निकेल सेलचा मोठा दोष असा होता की ते नुसते ठेवूनही काही आठवड्यांत उतरत. सान्यो कंपनीने २००५ साली एनेलूप बाजारात आणला आणि मंद गतीने उतरणाऱ्या सेलचा काळ सुरू झाला. आता असे सेल वर्षभर ठेवले तरी बहुतांश चार्ज राखून असतात आणि विकत घेतले की लगेच वापरता येतात. या प्रकारात जास्त क्षमतेचे, म्हणजे एए आकारात २५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचे सेलही मिळतात, पण त्यांचे आयुष्य २००० वाल्यांपेक्षा बरेच कमी असते. विजेरीसाठी मी नेहमी कमी क्षमतेचा, दीर्घायुषी सेल सुचवतो.

एकदाच वापरायचा दीड व्होल्टचा लिथियम सेल, ज्यात लिथियम आणि आयर्न डायसल्फाइड असते, तो ठेवणीतल्या विजेरीसाठी बनला आहे असेच म्हणावे लागेल. एए आकारात त्याचे वजन सुमारे १५ ग्रॅम असते, तर अल्कलाइनचे २३ ग्रॅमच्या आसपास. तो उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत काम करतो, गळण्याची शक्यता अत्यंत कमी असते, आणि उत्पादक त्याला वीस वर्षांचे साठवण-आयुष्य देतात. महाग असल्यामुळे रोजच्या वापराला तो परवडत नाही, पण आपत्कालीन पेटीत, गाडीत किंवा औषधांच्या डब्याशेजारी ठेवलेल्या विजेरीत दुसरे काही घालण्याचा विचारही करू नये. सीआर१२३ए हा त्याचा तीन व्होल्टचा भाऊबंद आहे. तोही दीर्घकाळ टिकतो, पण तो सहज मिळत नाही आणि दोन सेल एकामागे एक बसवणाऱ्या विजेरीत वापरताना विशेष काळजी मागतो. दोघांपैकी एक आधी उतरला तर दुसरा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो, सेल तापतो आणि फुटूही शकतो. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच खरेदीतले आणि सारख्याच चार्जचे असावेत. सीआर१२३ए कधीही चार्ज करू नये. तो चार्ज होण्यासाठी बनवलेला नाही.

आता लिथियम-आयन. सोनीने १९९१ साली व्यापारी स्वरूपात आणलेला हा प्रकार आज बहुतेक प्रखर विजेऱ्यांचा आधार आहे. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६ ते ३.७ आणि अडीच ते तीन व्होल्टच्या आसपास रिकामा, अशी त्याची चाल असते. व्होल्टेज एलईडीच्या गरजेपेक्षा वर असल्यामुळे सर्किट सोपे होते आणि मोठा प्रवाह सहज मिळतो, म्हणूनच दोन्ही प्रकार चालणारी विजेरी एए निकेल सेलवर जेवढी पेटते त्याच्या कितीतरी पट ती १४५०० वर पेटते. पण हा सेल शिस्त मागतो. शॉर्ट झाला, ठेचला गेला, प्रमाणाबाहेर चार्ज झाला किंवा पार कोरडा करून पुन्हा चार्ज केला, तर तो पेट घेऊ शकतो. ही शिस्त पाळण्याची तयारी नसेल, किंवा विजेरी लहान मुलांच्या किंवा वृद्धांच्या हाती राहणार असेल, तर निकेल सेलवर चालणारी विजेरीच योग्य.

गेल्या काही वर्षांत एएच्या आकारात दीड व्होल्ट देणारे, यूएसबीवर चार्ज होणारे लिथियम-आयन सेलही मिळू लागले आहेत. त्यांच्या पोटात व्होल्टेज खाली आणणारे छोटे सर्किट असते. विजेरीसाठी त्यांचा तोटा असा की ते शेवटच्या क्षणापर्यंत दीड व्होल्टच दाखवतात. सेल संपत आल्याचे विजेरीला कळत नाही आणि अंधारात ती पूर्वसूचनेशिवाय बंद पडते. विजेरीत ते न घालणेच बरे.

चौथी पायरी: जोडी जमवा

तिन्ही उत्तरे आणि वरची माहिती एकत्र ठेवली की निवड फारशी कठीण उरत नाही. रोज बाळगायची, घरात आणि वाटेवर वापरायची, कुठेही सेल मिळावा अशी इच्छा असेल तर एका एए सेलवर चालणारी आणि १४५०० देखील स्वीकारणारी विजेरी घ्या, तिच्यात निकेल सेल वापरा आणि १४५०० चा पर्याय राखून ठेवा. माझ्या मते बहुतेकांसाठी हीच सर्वात शहाणपणाची जोडी आहे. जुडग्यातल्या विजेरीसाठी एएए निकेल सेल पुरेसा आहे. त्या आकारातल्या १०४४० सेलची क्षमता साडेतीनशे मिलिअँपिअर-तासांच्या घरात असते आणि क्षणिक झगमगाटापलीकडे त्यातून काही साधत नाही. बाहेर, मोकळ्यावर, तासन्‌तास काम असेल तर १८६५०. लांबी कमी हवी पण प्रखरताही हवी असेल तर १६३४० किंवा १८३५०, मात्र मग कमी वेळ चालणे गृहीत धरावे लागेल.

इथे एक नियम अपवादाविना पाळावा: विजेरीच्या माहितीपत्रकात १४५०० किंवा १०४४० चालते असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो सेल आकाराने बसतो म्हणून घालू नये. केवळ व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटला ४.२ व्होल्ट दिले की प्रवाहावरचे नियंत्रण सुटते आणि एलईडी किंवा सर्किट काही क्षणांत जळते.

जिचा सेल काढताच येत नाही अशा सीलबंद विजेरीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. काहीशे चार्ज झाल्यावर प्रत्येक लिथियम-आयन सेलची क्षमता लक्षणीय घटते, आणि सीलबंद विजेरीत त्यासोबत संपूर्ण वस्तूच निकालात निघते. धातूची कडी, काच, एलईडी वीस वर्षे टिकतील असे असताना ती विजेरी तीन-चार वर्षांत फेकावी लागणे, हे उत्तम वस्तूचे लक्षण नव्हे. जिचा सेल फक्त त्याच कंपनीचा चालतो, तिच्याबाबतही हाच प्रश्न स्वतःला विचारावा.

पाचवी पायरी: माहितीपत्रक वाचा

विश्वासार्ह उत्पादक एएनएसआय एफएल१ या मोजणी-पद्धतीचा उल्लेख करतात. तिच्यात ल्युमेन मोजले जातात ते विजेरी पेटवल्यानंतर ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान, आणि चालण्याचा वेळ धरला जातो तो प्रकाश सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंत. या दुसऱ्या व्याख्येत एक मोठी पळवाट आहे. १००० ल्युमेनवर सुरू झालेली विजेरी दोन मिनिटांत ३०० वर उतरली आणि मग तीन तास चालली, तरी कागदावर १००० ल्युमेन आणि तीन तास असेच दिसते. म्हणून वेळेचा नुसता आकडा पाहू नये, तर वेळेसोबत प्रकाश कसा घसरतो तो आलेख पाहावा. आलेख सपाट रेषेत चालून शेवटी एकदम खाली येत असेल तर सर्किट प्रवाह स्थिर ठेवते असे समजावे. सुरुवातीपासूनच उतरती रेषा असेल तर सेल जसजसा उतरेल तसतशी विजेरी मंदावेल.

प्रकाश किती लांब जातो हे कँडेलावरून, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या मापावरून, कळते. या मोजणीत झोताचा पल्ला म्हणजे जिथे ०.२५ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप), साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उजेड पडतो ते अंतर. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की मीटरमधला पल्ला मिळतो. २५०० कँडेला म्हणजे १०० मीटर. प्रत्यक्षात नीट ओळखू येईल असे दिसते ते याच्या निम्म्या अंतरापर्यंतच. खिशातल्या विजेरीचे बहुतेक काम हातभर ते दहा-पंधरा मीटरवर असल्यामुळे फार टोकदार झोत शोधण्यापेक्षा मऊ, पसरट झोत निवडावा.

रंगाच्या सत्यतेकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात आणि मला ते खटकते. सीआरआय हा रंग किती खरे दिसतात ते सांगणारा निर्देशांक ७० च्या आसपास असलेला थंड पांढरा एलईडी थोडा अधिक प्रकाश देतो, पण त्याच्या उजेडात लाल आणि तपकिरी छटा मरतात. वायरींचे रंग ओळखणारा वीजतंत्री, जखम पाहणारी परिचारिका, वाटेवरचा साप आणि वाळकी काटकी यांतला फरक करू पाहणारा वाटसरू, या सर्वांना ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय असलेला ४००० ते ५००० केल्विनचा, म्हणजे फार निळसरही नाही आणि फार पिवळाही नाही अशा पांढऱ्या प्रकाशाचा, एलईडी कितीतरी उपयोगी पडतो. त्यासाठी पाचव्या हिश्श्याइतके ल्युमेन गेले तरी ते सोडून द्यावेत. डोळ्याला तो तोटा जाणवणारही नाही.

पाण्यापासून संरक्षणासाठी आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ त्याहून कडक असते आणि नेमकी खोली उत्पादक सांगतो.

सहावी पायरी: धातू, बटण आणि कुलूप

सर्वात कमी प्रकाशाची पायरी किती ल्युमेनची आहे आणि विजेरी तिच्यावर थेट पेटवता येते का, हे दुकानातच तपासा. मध्यरात्री २०० ल्युमेनने डोळे दिपवून मग मंद होणारी विजेरी रोजच्या वापरात नकोशी होते. मंद प्रकाशात बोटे वेगाने हलवून पाहा. ती तुटक-तुटक दिसली तर सर्किट प्रकाश कमी करण्यासाठी तो वेगाने बंद-चालू करत आहे, आणि ती गती कमी असल्यामुळे डोळ्यांना त्रास होणार.

धातूंमध्ये कठीण अॅनोडायझिंग (वीज न वाहणारा संरक्षक थर) केलेले अॅल्युमिनियम हाच सर्वात समंजस पर्याय. टायटॅनियम सुंदर आणि चिवट असते, पण विजेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम मिश्रधातूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अॅल्युमिनियमच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकीच असते, त्यामुळे उष्णता एलईडीजवळच कोंडते. शिवाय त्याचे आटे करकरतात. तांबे उष्णता उत्तम वाहून नेते, पण खिसा ओढण्याइतके जड असते. लहान विजेरी प्रखर पायरीवर एक-दोन मिनिटांत तापून स्वतःहून मंद होते. हा दोष नसून संरक्षण आहे. ज्या विजेरीत ते नसते ती हात पोळते आणि सेलही बिघडवते.

इलेक्ट्रॉनिक बटणाची विजेरी बंद असतानाही किंचित प्रवाह घेत राहते. तो २० मायक्रोअँपिअर असेल तर वर्षात सुमारे १७५ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. १८६५० ला ते जाणवणार नाही, एएए सेलचा मात्र जवळपास चौथा हिस्सा त्यात गेला. शेपटीकडचे यांत्रिक बटण किंवा डोके फिरवून पेटणारी रचना असा प्रवाह घेत नाही. खिशात आपोआप पेटू नये म्हणून शेपटीचे झाकण पाव फेरा सैल करावे. आट्यांवर अॅनोडायझिंग असेल तर तेवढ्यानेच विजेचा मार्ग तुटतो. शंभर ल्युमेनच्या वरची कोणतीही विजेरी पिशवीत टाकताना हे करावेच, कारण कापडाला टेकलेली पेटती विजेरी कापड जाळू शकते.

सातवी पायरी: सेल विकत घेताना

लिथियम-आयन सेल नावाजलेल्या उत्पादकाचा आणि खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. बनावट सेल ओळखणे पुष्कळदा सोपे असते: १८६५० वर ६००० किंवा ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले असतील तर ते निखालस खोटे आहे, कारण या आकाराची चांगल्या सेलमधली क्षमता ३५०० च्या आसपासच असते. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम वजनाचा भरतो. तीस-पस्तीस ग्रॅमचा सेल हाती आला तर तो परत करावा.

संरक्षक सर्किट असलेला सेल अतिचार्ज, अतिउतार आणि शॉर्ट यांपासून स्वतःला तोडून घेतो. नवख्याने असाच सेल घ्यावा, पण त्या सर्किटमुळे लांबी तीन ते पाच मिलिमीटर वाढते, आणि सेललाच चार्जिंगचे छिद्र असेल तर आणखी थोडी. त्यामुळे विजेरीत किती लांबीचा सेल बसतो ते आधी विचारावे. धन टोकाचेही पाहावे लागते: काही विजेऱ्यांत सेल उलटा बसला तर नुकसान होऊ नये म्हणून संपर्काभोवती प्लास्टिकची कडा असते आणि सपाट टोकाचा सेल तिथे पोहोचतच नाही. फार प्रखर विजेरीला मोठा प्रवाह देणारा सेल लागतो, आणि अशा सेलची क्षमता बहुधा थोडी कमी असते. इथे मोठा आकडा न पाहता विजेरीच्या उत्पादकाने सांगितलेला प्रवाह पाहावा.

आठवी पायरी: चार्जिंग आणि निगा

निकेल सेलसाठी प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून थांबणारा चार्जर घ्यावा. सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज किंचित खाली येते आणि चांगला चार्जर तेच ओळखून थांबतो. केवळ ठरावीक तास चालणारे चार्जर सेल तापवून त्यांचे आयुष्य कमी करतात. लिथियम-आयनसाठी ४.२ व्होल्टवर थांबणारा चार्जरच हवा. दोन्ही प्रकार ओळखणारे चार्जर मिळतात. सेल ज्वलनशील वस्तूंपासून दूर, आपण जागे आणि जवळ असताना चार्ज करावा, आणि शून्य अंश सेल्सिअसखाली कधीही चार्ज करू नये, कारण तेव्हा आत धातुरूप लिथियम साचते आणि सेल कायमचा असुरक्षित होतो. विजेरीलाच यूएसबी-सी छिद्र असेल तर सोबत आलेली केबल जपून ठेवावी. काही विजेऱ्यांत लागणारे दोन छोटे रोध (रेझिस्टर) वगळलेले असतात, आणि दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने त्या चार्जच होत नाहीत.

व्होल्टेज मोजणारा एक साधा मल्टिमीटर जवळ असावा. विश्रांतीनंतर निकेल सेल १.३५ ते १.४ व्होल्ट दाखवत असेल तर तो भरलेला आहे. लिथियम-आयन २.५ व्होल्टखाली गेलेला आढळला तर तो पुन्हा चार्ज न करता बाद करावा. काही महिने ठेवायचे असतील तर लिथियम-आयन सेल ३.७ ते ३.८ व्होल्टवर, थंड आणि कोरड्या जागी ठेवावेत. पूर्ण भरलेला सेल उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे आहे. ठेवणीतल्या विजेरीत म्हणूनच एकदाच वापरायचा लिथियम सेल असावा.

सुटा सेल खिशात किल्ल्या आणि नाण्यांसोबत कधीही टाकू नये. प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच न्यावे लागतात, टोके झाकलेली असावी लागतात, आणि १०० वॉट-तासांची सामान्य मर्यादा १८६५० च्या कितीतरी पलीकडे असल्यामुळे क्षमतेची चिंता करावी लागत नाही. सेलचे प्लास्टिकचे वेष्टन फाटले असेल तर नवे चढवेपर्यंत तो वापरू नये, कारण मधले धन टोक वगळता संपूर्ण डबाच, त्या टोकाभोवतीची कडाही, ऋण असतो.

काही महिन्यांनी आटे कोरड्या कापडाने पुसून रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. संपर्काची टोके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावीत. मंद किंवा लुकलुकणाऱ्या विजेरीचे दुखणे पुष्कळदा एवढ्यानेच बरे होते. अल्कलाइन सेल गळलाच असेल तर हातमोजे घालून तो काढावा, पांढरी पूड व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने निष्प्रभ करावी, मग स्वच्छ पाण्याच्या ओल्या बोळ्याने पुसून विजेरी पूर्ण वाळू द्यावी. फुगलेला, पडून चेपलेला किंवा चार्ज होताना हाताला चटका देणारा लिथियम-आयन सेल पुन्हा वापरू नये. त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावा, आणि तोवर धातूच्या वस्तूंपासून दूर, वाळू भरलेल्या डब्यात ठेवावा.